एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची की नाही? आधी एक भागाकार करा

वस्तू पसंत पडलेली असते, मॉडेल नक्की झालेलं असतं, मोठ्या खर्चाला मन कसंबसं तयार झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच बिल करणारा विचारतो, "दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी पण टाकू का?" वस्तूच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ वाटते. मागे माणसं खोळंबलेली असतात. आणि उद्या खरंच काही बिघडलं तर "तेव्हाच घेतली असती तर" हे वाक्य घरात किती वेळा ऐकावं लागेल, तेही दिसू लागतं. ऑनलाइन खरेदीत हाच प्रश्न पैसे भरायच्या आधीच्या पानावर एका छोट्या चौकोनात येतो, कधी कधी आधीच टिक होऊन.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. घरातल्या बहुतेक वस्तूंसाठी ही वॉरंटी घेण्यात अर्थ नसतो. काही वस्तूंना आणि काही घरांना मात्र ती खरोखर उपयोगी पडते. आपण त्यात बसतो का, हे एका भागाकाराने आणि करारातल्या चार कलमांनी बरंचसं कळतं.

आधी ही काय चीज आहे ते पाहू. वस्तूबरोबर येणारी कंपनीची वॉरंटी किमतीतच धरलेली असते. एक्स्टेंडेड वॉरंटी हा वेगळे पैसे मोजून केलेला वेगळा करार असतो. तो कधी कंपनी करते, कधी दुकान, तर कधी भलतीच तिसरी संस्था, आणि बऱ्याचदा तिच्याही मागे एखादी विमा कंपनी उभी असते. नाव वॉरंटीचं असलं तरी काम विम्याचंच चालतं. पुष्कळ लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करायचे आणि ज्या थोड्यांची वस्तू बिघडेल त्यांचा खर्च त्यातून भागवायचा. जमलेल्या पैशांतून दुरुस्त्या, कार्यालयाचा खर्च, दुकानदाराचं कमिशन आणि नफा एवढं सगळं निघायला हवं. साहजिकच सगळ्या ग्राहकांनी मिळून जितकं भरलं, त्याहून कमीच सगळ्यांना मिळून परत मिळतं. यात फसवाफसवी नाही, कोणताही विमा असाच चालतो.

मग आपण आजारपणाचा किंवा घराचा विमा का काढतो? कारण तो फटका बसला तर घर बसतं. वर्षानुवर्षांची शिल्लक एका झटक्यात जाऊ शकते आणि ती भीती टाळण्यासाठी सरासरीपेक्षा थोडं जास्त मोजणं शहाणपणाचं असतं. मायक्रोवेव्ह बंद पडला तर चिडचिड होते, महिन्याचं गणित थोडं विस्कटतं, पण घर बसत नाही. जो खर्च आपण कुरकुरत का होईना सोसू शकतो, त्याचा विमा काढणं साधारणपणे तोट्याचंच.

आता भागाकार. समजा वस्तूची किंमत १०० आहे आणि पुढच्या दोन वर्षांच्या वॉरंटीचे १२ मागितले आहेत. अशा वस्तूची नेहमीची दुरुस्ती सरासरी ३० मध्ये होते असं धरू. १२ भागिले ३० म्हणजे ०.४. त्या दोन वर्षांत वस्तू बिघडायची शक्यता ४० टक्के असेल, तर कुठे आपण बरोबरीत सुटतो. त्याहून कमी असेल तर पैसे जास्त गेले. स्वतःला विचारा, या जातीच्या दहा वस्तू घेतल्या तर त्या दोन वर्षांत त्यातल्या चार बिघडतील का? बिघडतील असं खरंच वाटत असेल, तर वॉरंटी राहू द्या, ते मॉडेलच घेऊ नका.

कोणी म्हणेल, सरासरी दुरुस्तीचं काय घेऊन बसलात, वस्तू पूर्णच कामातून गेली तर? ठीक, तसं करू. १२ भागिले १०० म्हणजे १२ टक्के. आता शक्यता पटण्यासारखी दिसते. पण इथे कराराकडे बघावं लागतं. कित्येक करारांत वस्तू बदलून द्यायची वेळ आली तर तिची त्या दिवशीची, म्हणजे घसारा वजा केलेली किंमत धरतात. तिसऱ्या वर्षी ती ६० धरली, तर भागाकार १२ भागिले ६० होतो आणि आकडा २० टक्क्यांवर जातो. एवढ्या वस्तू चौथ्या वर्षाच्या आत पार निकामी होत असत्या, तर कंपनीने हा करार १२ मध्ये विकलाच नसता.

असाच हिशेब पूर्ण घराचाही मांडता येतो. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, लॅपटॉप धरून घरात आठ उपकरणं असतील आणि प्रत्येकावर किमतीच्या १२ टक्के घातले, तर बेरीज ९६ टक्के होते. सरासरी एका उपकरणाची जवळजवळ पूर्ण किंमत! हेच पैसे वेगळ्या खात्यात ठेवले तर त्यांना मुदत नसते, अटी नसतात, आणि आठही वस्तू धड राहिल्या तर ते आपलेच राहतात. एकच अडचण. दुकानात वाचवलेले पैसे खरोखर बाजूला ठेवणारी माणसं थोडी. बाकीच्यांचे ते त्याच संध्याकाळी दुसरीकडे खर्च होतात. स्वतःचा स्वभाव ओळखून यावर विसंबावं.

बिघडण्याची शक्यता कशी ठरते, हे जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे, कारण खरी मेख तिथेच आहे. वस्तूच्या वयानुसार बिघाडांचं प्रमाण आलेखावर मांडलं, तर पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत दोन्ही कडांना उंच आणि मध्ये सपाट अशी रेघ येते. अभियंते तिला बाथटब कर्व्ह म्हणतात. डावी कड सुरुवातीच्या आठवड्यांची आणि महिन्यांची. कारखान्यात कच्चा राहिलेला सोल्डरचा जोड, सदोष चिप, वाहतुकीत बसलेला दणका, असलं जे काही असेल ते वापर सुरू होताच बाहेर पडतं. उजवी कड म्हाताऱ्या यंत्रांची. वॉशिंग मशीनचं बेअरिंग घासतं, दाराचं रबर कडक होतं, टीव्हीच्या पडद्यामागचे एलईडी दगा देतात, पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, आतून सुकत जातात. या कपॅसिटरचा ठोकताळा असा की आजूबाजूचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. टीव्ही भिंतीला चिकटवून, वर कपाट आणि बाजूला पुस्तकं रचून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मागे चार बोटं मोकळी हवा सोडायला काहीच पैसे पडत नाहीत.

डावी कड कंपनीच्या मूळ वॉरंटीत येते. उजवी कड चांगल्या वस्तूच्या बाबतीत एक्स्टेंडेड वॉरंटी संपल्यावर सुरू होते. आपण पैसे मोजतो ते मधल्या सपाट तळाचे. वस्तू कुठल्या वर्षात किती बिघडतात याचा हिशेब विकणाऱ्याकडे असतो, आपल्याकडे शेजाऱ्याचा बिघडलेला फ्रीज असतो. बॅटरी मात्र या आलेखात बसत नाही. लिथियम-आयन बॅटरी पहिल्या दिवसापासूनच झिजत असते. फोन-लॅपटॉपमधल्या नेहमीच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज होईपर्यंत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात. म्हणजे दोन-तीन वर्षांत हमखास कटकट करणारा भाग हाच, आणि बहुतेक करारांतून नेमका तोच वगळलेला असतो.

एवढं सगळं असूनही माणसं हो का म्हणतात? डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेल्या प्रॉस्पेक्ट थिअरीत याचं बरंचसं उत्तर आहे. लहान शक्यतांना आपण मनात अवाच्या सवा वजन देतो आणि तेवढ्याच फायद्यापेक्षा तोटा आपल्याला जास्त बोचतो. होसे मिगेल अबितो आणि युव्हाल सालांत या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थेट एक्स्टेंडेड वॉरंटीच तपासली. वस्तू बिघडण्याची शक्यता लोक खऱ्यापेक्षा बरीच जास्त धरतात, आणि खरा आकडा समोर ठेवला की वॉरंटीसाठी पैसे मोजायची त्यांची तयारी लक्षणीय कमी होते, असं त्यात दिसलं. तो आकडा बिलाच्या काउंटरवर कुणी सांगत नाही, हे ओघानेच आलं. त्यात दुकानदाराला वस्तूवर तुटपुंजा आणि वॉरंटीवर घसघशीत नफा सुटतो. विक्रेता आग्रह करतो तेव्हा त्याला आपल्या फ्रीजची काळजी असतेच असं नाही.

ब्रिटनमध्ये या व्यवहाराची सरकारी चौकशी झाली. तिथल्या कॉम्पिटिशन कमिशनने २००३ मध्ये घरगुती विद्युत उपकरणांच्या एक्स्टेंडेड वॉरंटीवर अहवाल दिला, बाजारात पुरेशी स्पर्धा नाही असा निष्कर्ष काढला आणि २००५ पासून नवे नियम लागू झाले. दुकानाने वॉरंटीची किंमत वस्तूच्या किमतीशेजारी दाखवायची, ग्राहकाने लगेच घेतली नाही तरी तोच भाव ३० दिवस राहील असं लेखी द्यायचं, आणि घेतलेली वॉरंटी ४५ दिवसांत रद्द करता यायला हवी. या तिन्ही नियमांचा रोख एकच, निर्णय काउंटरवरून घरी न्यायचा. आपण राहतो तिथे असा नियम असो वा नसो, "भाव लिहून द्या, उद्या कळवतो" एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. आजच घेतली तरच मिळेल असं उत्तर आलं, तर त्यातून काय समजायचं ते समजावं.

आता करार. माहितीपत्रकावर काय काय मिळेल ते मोठ्या अक्षरांत असतं. वाचायचा भाग पुढे बारीक अक्षरांत असतो, तो 'वगळलेल्या बाबी' या नावाखाली. वॉशिंग मशीनचंच उदाहरण घेऊ. तिसऱ्या वर्षी पाणी पिळताना आतून खरखर ऐकू येऊ लागते. क्लेम नोंदवला, टेक्निशियन आला, त्याने ड्रम हाताने फिरवून पाहिला आणि बेअरिंग गेल्याचं सांगितलं. इथपर्यंत सगळं ठीक. करारात मात्र 'नेहमीच्या वापराने होणारी झीज' वगळलेली आहे. बेअरिंग झिजतं ते नेहमीच्या वापरानेच! मग हा बिघाड धरायचा की झीज? या एका शब्दावर क्लेम अडतो किंवा सुटतो. दुसरी शक्यता, पंपात नाणं किंवा केसाची पिन अडकलेली निघाली. 'बाहेरच्या वस्तूमुळे झालेलं नुकसान', बाद. तिसरी शक्यता, कंट्रोल बोर्ड जळालेला निघाला आणि टेक्निशियनने अहवालात व्होल्टेजचा उल्लेख केला. विजेच्या दाबातल्या चढउतारामुळे झालेलं नुकसान तुमच्या करारात धरलंय का? कित्येकांत नसतं. त्या टेक्निशियनने अहवालात काय लिहिलं यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून त्याची प्रत मागून घ्यावी, आणि मागायची ती तो दारातून बाहेर पडायच्या आत.

काही कलमं शांतपणे घात करतात. 'दुरुस्ती, बदली किंवा रक्कम, यांपैकी काय द्यायचं हे आम्ही ठरवू' हे एक. बदलून वस्तू दिली की करार तिथेच संपला, वर्ष शिल्लक असलं तरी, हे दुसरं. दर भेटीला ठरावीक शुल्क, नूतनीकृत सुटे भाग वापरायची मुभा, ठरावीक दिवसांत बिघाड कळवायची अट, मधल्या काळात बाहेरच्या मेकॅनिकने यंत्र उघडलेलं नसावं ही अट. आणि 'फक्त घरगुती वापरासाठी'. घरूनच शिवणकाम किंवा शिकवण्या चालत असतील तर याचा अर्थ आधीच विचारून घ्यावा.

मुदतीच्या तारखा तर बोट ठेवून वाचाव्यात. 'तीन वर्षांचं संरक्षण' यात कंपनीचं पहिलं वर्ष पुष्कळदा धरलेलं असतं, म्हणजे पैसे तीन वर्षांचे आहेत असं वाटलं तरी मिळतात दोनच. संरक्षण खरेदीच्या दिवसापासून सुरू होणार की मूळ वॉरंटी संपल्यावर, हे पावतीवर तारखेसकट लिहून घ्यावं. मोडतोडीचं संरक्षण जोडलेलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून असायला हवं, कारण हातातून पडलेली वस्तू कंपनीच्या वॉरंटीत येत नाही.

आणखी एक गोष्ट लोक सर्रास विसरतात. जे विकत घेतोय ते कदाचित आपल्याकडे आधीच असतं. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, ती वेगळे पैसे न देता. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार माल समाधानकारक दर्जाचा आणि वाजवी काळ टिकणारा असावा लागतो, आणि त्याबद्दल इंग्लंडमध्ये सहा तर स्कॉटलंडमध्ये पाच वर्षांपर्यंत दाद मागता येते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यातही अशी हमी आपोआप मिळते. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते एकदा पाहून ठेवावं. काही क्रेडिट कार्डांवर खरेदी केली की वॉरंटी आपोआप वाढते. घरातल्या सामानाच्या विम्यात अपघाती मोडतोड असू शकते. फ्रीजच्या कॉम्प्रेसरला किंवा वॉशिंग मशीनच्या मोटरला कंपन्या बऱ्याचदा लांब मुदतीची वेगळी वॉरंटी देतात. दारावरच्या त्या मोठ्या स्टिकरवर तेच असतं. मात्र ती वॉरंटी सहसा फक्त त्या भागाची असते, गॅस भरण्याची आणि मजुरीची नसते.

वस्तूनुसार बोलायचं तर छोट्या उपकरणांवर, म्हणजे मिक्सर, इस्त्री, हेडफोन वगैरेंवर, विचारसुद्धा करू नये. टीव्हीचं पॅनेल गेलं तर दुरुस्ती नव्या टीव्हीच्या जवळपास जाते, हे खरं. पण ते मधल्या वर्षांत क्वचित जातं, आणि तोवर तसाच टीव्ही बहुधा स्वस्त झालेला असतो. फ्रीज आणि साधं वॉशिंग मशीन बाहेर दुरुस्त होऊ शकतं, शिवाय सुटे भाग मिळण्याची सोयही सुधारते आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून फ्रीजचे ठरावीक सुटे भाग किमान ७ वर्षं, वॉशिंग मशीनचे किमान १० वर्षं आणि डिशवॉशरचे भागानुसार किमान ७ किंवा १० वर्षं उपलब्ध ठेवण्याचं बंधन उत्पादकांवर घातलं आहे.

मला खरा विचार करावासा वाटतो तो लॅपटॉपच्या बाबतीत. तो रोज हलतो, पडतो, त्यावर चहा सांडतो. मेमरी आणि प्रोसेसर एकाच बोर्डवर कायमचे बसवलेले असतील तर एका चिपपायी पूर्ण बोर्ड बदलावा लागतो. आणि ज्याचं काम त्यावर चालतं त्याला दुरुस्तीच्या खर्चापेक्षा बंद राहिलेले दिवस महाग पडतात. कंपनीची स्वतःची, घरी किंवा कार्यालयात येऊन दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून देणारी आणि मोडतोडही धरणारी योजना असेल, तर तिथे मी हो म्हणेन. महागड्या डिशवॉशरसारख्या वस्तूचा जाणकार मेकॅनिक जवळपास नसेल, तिथेही तेच. आपण पैसे मोजतो ते हुशार माणूस दारात येण्याचे.

वापर किती, यावरही बरंच अवलंबून आहे. वॉशिंग मशीन आठवड्यातून दोनदा लावणारा आणि दिवसातून दोनदा लावणारा, दोघांनाही वॉरंटी एकाच भावात मिळते. पहिला दुसऱ्याचा खर्च भरतो. मोठं कुटुंब असेल, यंत्राला उसंत नसेल, तर भागाकारातली शक्यता वर सरकते आणि उत्तर बदलू शकतं. तसंच, वस्तू नुसती पुन्हा घ्यायची म्हटलं तरी व्याजाने पैसे काढावे लागतील अशी ओढाताण असेल, तर ठरलेला छोटा खर्च अवचित मोठ्या खर्चापेक्षा परवडतो. अशा घराला नाक मुरडून "घेऊ नका" सांगणं सोपं आहे, बरोबर नाही.

घ्यायचीच झाली तर पुष्कळदा थांबता येतं, हे फारसं कुणी सांगत नाही. अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपेपर्यंत कधीही मुदत वाढवून देतात. अकरा महिने वापरल्यावर यंत्र कसं आहे, सर्व्हिस सेंटर फोन उचलतं का, आवाज बदललाय का, हे सगळं कळलेलं असतं. खरेदीच्या दिवशी यातलं काहीच माहीत नसतं. अंतिम तारीख मात्र फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी.

आणि घेतलीच असेल तर बिलाचा फोटो त्याच दिवशी काढावा. थर्मल कागदावरची छपाई कपाटात ठेवल्या ठेवल्या फिकी पडते आणि क्लेमच्या वेळी हातात कोरी पट्टी येते. अनुक्रमांकाच्या स्टिकरचाही फोटो घ्यावा, कारण तो बऱ्याचदा नेमका यंत्राच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला असतो. वस्तू मुदतीच्या आत विकली तर करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, किंवा उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का, हे विचारावं. मुदत संपत आली की नूतनीकरणाचे फोन सुरू होतात. तेव्हा भागाकार पुन्हा करायचा, फक्त १०० च्या जागी वस्तूची आजची किंमत घालून.